टक्कर, उसळी आणि 'ई': स्थितिस्थापक टकरीत ई = १ कुठून येतं?

अकरावीच्या वर्गात टकरीचा धडा आला की मी फळ्यावर सगळ्यात आधी एक ओळ लिहिते: स्थितिस्थापक टकरीत ई = १. (ई म्हणजे टकरीनंतर वस्तू दूर जाण्याचा वेग भागिले आधी जवळ येण्याचा वेग. नीट व्याख्या पुढे.) आणि विचारते, हे कशावरून? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. "मॅडम, ती व्याख्याच आहे ना."

नाही. ई ची व्याख्या वेगळी आणि स्थितिस्थापक टकरीची व्याख्या वेगळी. पहिली फक्त वेगांबद्दल बोलते, दुसरी ऊर्जेबद्दल. वेगांची एक गोष्ट आणि ऊर्जेची एक गोष्ट एकाच जागी येऊन मिळतात, हे सिद्ध करावं लागतं. सिद्धता चार-पाच ओळींची आहे, पण तिच्यातल्या एका ओळीत खाच आहे, आणि परीक्षेत पूर्ण गुण मिळवणाऱ्या मुलांनाही ती खाच बहुधा दिसलेली नसते. हा लेख त्या ओळीसाठी आहे. पुढचं बाकी सगळं त्या ओळीतूनच निघतं. कागद-पेन्सिल घेऊन बसा. नुसतं वाचून हे डोक्यात राहत नाही, हातातून जावं लागतं.

आधी अक्षरं आणि दिशा

दोन वस्तू एकाच सरळ रेषेत जाताहेत. पहिलीचं वस्तुमान म१, दुसरीचं म२. टकरीआधीचे वेग उ१ आणि उ२, टकरीनंतरचे व१ आणि व२. (कॉलेजात आपण एम, यू, व्ही लिहितो, त्यांच्याच जागी ही अक्षरं.) उजवीकडची दिशा धन, डावीकडची ऋण. हे एकदा ठरवलं की शेवटपर्यंत बदलायचं नाही.

पहिली वस्तू मागे आहे, दुसरी पुढे. टक्कर व्हायची तर मागचीनं पुढचीला गाठलं पाहिजे, म्हणजे उ१ हा उ२ पेक्षा मोठा हवा. टकरीनंतर मागची वस्तू पुढचीच्या आरपार जाऊ शकत नाही, म्हणून व२ हा व१ पेक्षा मोठा किंवा निदान त्याच्याइतका. या दोन साध्या वाक्यांमुळे पुढचा चिन्हांचा सगळा घोळ टळतो:

जवळ येण्याचा वेग = उ१ − उ२
दूर जाण्याचा वेग = व२ − व१

दोन्ही वजाबाक्यांत क्रम उलटा आहे, आणि तो मुद्दाम तसा आहे. तसा घेतला की दोन्ही उत्तरं धन येतात. आता ई ची व्याख्या:

ई = (व२ − व१) ÷ (उ१ − उ२)

याचं पूर्ण इंग्रजी नाव कोएफिशियंट ऑफ रेस्टिट्यूशन. रेस्टिट्यूशन म्हणजे गेलेलं परत मिळणं. इथे नेमकं काय जातं आणि काय परत मिळतं, ते थोड्या वेळानं पाहू, कारण ते नाव फार विचार करून दिलेलं आहे. तूर्त एवढंच ध्यानात ठेवा की या व्याख्येत वस्तुमान नाही आणि ऊर्जाही नाही. दोन वस्तू किती वेगानं जवळ आल्या आणि किती वेगानं लांब गेल्या, इतकंच.

आणि स्थितिस्थापक टक्कर म्हणजे अशी टक्कर, जिच्या आधीची आणि नंतरची एकूण गतिज ऊर्जा (अर्धा × वस्तुमान × वेगाचा वर्ग) सारखीच असते. या व्याख्येत ई कुठेच नाही.

सिद्धता

बाहेरून बल लागत नाही, तेव्हा एकूण संवेग (वस्तुमान × वेग) अक्षय्य, म्हणजे बदलत नाही:

म१उ१ + म२उ२ = म१व१ + म२व२

पहिल्या वस्तूचं सगळं डावीकडे, दुसरीचं सगळं उजवीकडे न्या:

म१(उ१ − व१) = म२(व२ − उ२) …… (१)

ही मांडणी का करायची, ते मुलांना कुणी सांगत नाही. डावी बाजू म्हणजे पहिल्या वस्तूनं गमावलेला संवेग, उजवी बाजू म्हणजे दुसरीनं कमावलेला. एकीच्या खिशातून गेलं ते दुसरीच्या खिशात आलं. समीकरण असं वाचता आलं की ते पाठ करावं लागत नाही.

आता गतिज ऊर्जा. दोन्ही बाजूंचे 'एक छेद दोन' सगळीकडून काढून टाकले, की:

म१उ१² + म२उ२² = म१व१² + म२व२²

पुन्हा तसंच वाटप:

म१(उ१² − व१²) = म२(व२² − उ२²)

वर्गांच्या वजाबाकीचे अवयव पाडा. आठवीतलं सूत्र आहे:

म१(उ१ − व१)(उ१ + व१) = म२(व२ − उ२)(व२ + उ२) …… (२)

(२) ला (१) नं भागा. दोन्ही वस्तुमानं जातात, दोन्ही कंस जातात, आणि उरतं:

उ१ + व१ = व२ + उ२

म्हणजेच

उ१ − उ२ = व२ − व१

जवळ येण्याचा वेग आणि दूर जाण्याचा वेग सारखा. व्याख्येत घाला, ई = १. वस्तुमानं कितीही असोत, हत्ती आणि मुंगी असोत.

भागाकाराची खाच

काही वर्षांपूर्वी मी हे फळ्यावर लिहून खडू खाली ठेवला. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, पण आपण ज्यानं भागलं ते शून्य असलं तर?"

मी थांबले. प्रश्न अगदी बरोबर होता. समीकरण (१) ची डावी बाजू म१(उ१ − व१) आहे. व१ जर उ१ इतकाच असेल, तर ती शून्य होते आणि भागाकार करताच येत नाही. मग ती शक्यता आपण गुपचूप फेकून दिली का?

हो, फेकून दिली. आणि ती काय होती, ते पाहण्यासारखं आहे. व१ = उ१ घेतलं तर (१) वरून व२ = उ२ येतं. म्हणजे दोघांचेही वेग होते तसेच राहिले. संवेग अक्षय्य आहे का? आहे. ऊर्जा अक्षय्य आहे का? आहे. दोन्ही नियम शंभर टक्के पाळले जातात, कारण टक्करच झालेली नाही! एक वस्तू दुसरीच्या बाजूनं निघून गेली, भेटच झाली नाही.

दोन समीकरणं, त्यातलं एक वर्गाचं, म्हणून उत्तरंही दोन. निसर्गाच्या नियमांना टक्कर झाली की चुकली हे ठाऊक नसतं, ते दोन्ही शक्यता पुढ्यात ठेवतात. टक्कर झाली आहे ही माहिती आपली, आणि आपण ती नेमकी भागाकाराच्या ओळीत वापरतो. म्हणून त्या ओळीशेजारी एक वाक्य लिहायलाच हवं: "टक्कर झाली आहे, म्हणून व१ ≠ उ१, आणि भागाकार चालतो." त्या दिवसापासून मी ते वाक्य न लिहिता पुढे गेले नाही.

कॅरमच्या बोर्डावर आकडे घालून

अक्षरांवर विश्वास बसायला आकडे लागतात. कॅरमच्या नियमांत स्ट्रायकरचं वजन जास्तीत जास्त १५ ग्रॅम आणि सोंगटीचं ५ ते ५.५ ग्रॅम आहे. आपण १५ आणि ५ घेऊ, म्हणजे तिपटीचा सोपा हिशेब होईल. सोंगटी स्थिर, स्ट्रायकर २ मीटर प्रति सेकंद वेगानं थेट तिच्या मध्यावर आदळला. पावडर भरपूर, घर्षण विसरू. आणि तूर्त टक्कर पूर्ण स्थितिस्थापक समजू.

आपल्याकडे आता दोन सरळ समीकरणं आहेत, वर्गाचं समीकरण सोडवायची गरजच नाही. ई = १ चा खरा उपयोग हाच.

संवेग: १५ × २ = १५व१ + ५व२
ई = १: व२ − व१ = २

दुसऱ्यावरून व२ = व१ + २. पहिल्यात घाला: ३० = १५व१ + ५व१ + १०, म्हणून व१ = १ आणि व२ = ३.

स्ट्रायकर २ नं आला, सोंगटी ३ नं गेली. आलेल्यापेक्षा गेलेली वेगवान! बोर्डावर हे आपण हजार वेळा पाहिलेलं असतं, पण हिशेबात आलं की मुलं दचकतात. मग ऊर्जा तपासायची. आधी: अर्धा × ०.०१५ × ४ = ०.०३ ज्यूल. नंतर स्ट्रायकरची ०.००७५ आणि सोंगटीची ०.०२२५, बेरीज ०.०३. जुळलं.

सगळ्या प्रसंगांसाठीचं सूत्र याच रीतीनं निघतं:

व१ = [(म१ − म२)उ१ + २म२उ२] ÷ (म१ + म२)
व२ = [(म२ − म१)उ२ + २म१उ१] ÷ (म१ + म२)

ही सूत्रं पाठ करू नका असं मी स्पष्ट सांगते. संवेगाची एक ओळ आणि ई ची एक ओळ एवढं लक्षात असलं की अर्ध्या मिनिटात ती परत काढता येतात. पाठ केलेल्या सूत्रात परीक्षेच्या घाईत १ आणि २ ची अदलाबदल हमखास होते. फक्त दोन खास प्रसंग बघून ठेवा. वस्तुमानं सारखी असली की वेगांची अदलाबदल होते: सोंगटीनं सोंगटीला थेट मारलं की मारणारी जागच्या जागी थांबते. आणि म२ प्रचंड मोठं, स्थिर असलं, जसं जमीन किंवा भिंत, की व१ = −उ१, चेंडू आला तसा परत.

दाबलं जाणं आणि सुटणं

आता नावाकडे वळू. टक्कर एका क्षणात होते असं आपण म्हणतो, पण त्या क्षणाच्या आत शिरून पाहिलं तर दोन टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यात मागची वस्तू पुढचीवर रेलते, दोन्हींचे पृष्ठभाग दाबले जातात, मागचीचा वेग घटत जातो, पुढचीचा वाढत जातो. एक क्षण असा येतो की दोघींचा वेग अगदी सारखा होतो. त्या क्षणी दाब सगळ्यात जास्त असतो. त्या समान वेगाला स म्हणू. संवेगावरून स = (म१उ१ + म२उ२) ÷ (म१ + म२). आपल्या कॅरमच्या उदाहरणात ३० ÷ २० = १.५.

दुसऱ्या टप्प्यात दाबलेलं सुटू लागतं. आकार परत मिळवताना वस्तू एकमेकींना ढकलतात आणि वेगळ्या होतात. हेच ते रेस्टिट्यूशन: गेलेला आकार परत मिळणं.

दाबण्याच्या टप्प्यातला आवेग (म्हणजे एका वस्तूच्या संवेगात झालेला बदल) द म्हणू, सुटण्याच्या टप्प्यातला आवेग प. पहिल्या टप्प्यात पहिल्या वस्तूनं द गमावला आणि दुसरीनं तोच कमावला:

उ१ − स = द ÷ म१, आणि स − उ२ = द ÷ म२

बेरीज करा: उ१ − उ२ = द(१/म१ + १/म२)

दुसऱ्या टप्प्यात अगदी तसंच: व२ − व१ = प(१/म१ + १/म२)

एकाला दुसऱ्यानं भागलं की कंस जातो, आणि ई = प ÷ द. दाबताना जेवढा आवेग लागला, त्यातला किती हिस्सा सुटताना परत मिळाला, ते ई. सिमेऑन पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञानं ई कडे असं पाहिलं, आणि माझ्या मते ते वेगांच्या गुणोत्तरापेक्षा जास्त बोलकं आहे. कॅरममध्ये तपासा: स्ट्रायकर २ वरून १.५ वर येताना १५ × ०.५ = ७.५ एकक आवेग, १.५ वरून १ वर येताना पुन्हा ७.५. गुणोत्तर १.

ई एकाहून कमी असेल तेव्हा

खऱ्या जगात पूर्ण परत काही मिळत नाही. थोडं आवाजात जातं, थोडं उष्णतेत, थोडं वस्तू कायमची चेपण्यात. समजा आपल्या स्ट्रायकर-सोंगटीसाठी ई = ०.८ आहे. संवेगाची ओळ तीच, दुसरी ओळ व२ − व१ = ०.८ × २ = १.६. सोडवा: व१ = १.१, व२ = २.७. ऊर्जा आता ०.००९०७५ + ०.०१८२२५ = ०.०२७३ ज्यूल. ०.००२७ ज्यूल गेली, म्हणजे ९ टक्के.

हे दर वेळी लांबलचक करत बसायचं नसेल तर एकूण गतिज ऊर्जेचे दोन भाग पाडा. एक भाग दोन्ही वस्तू मिळून समान वेग स नं जाण्याचा, दुसरा भाग त्यांच्या सापेक्ष वेगाचा:

एकूण ऊर्जा = अर्धा × (म१ + म२) × स² + अर्धा × घ × (सापेक्ष वेग)²

इथे घ = म१म२ ÷ (म१ + म२), घटवलेलं वस्तुमान. आपल्या आकड्यांत घ = ३.७५ ग्रॅम, पहिला भाग ०.०२२५ ज्यूल, दुसरा ०.००७५, बेरीज तीच ०.०३.

पहिला भाग बदलूच शकत नाही, कारण स संवेगावरून ठरतो आणि संवेग अक्षय्य आहे. बदल फक्त दुसऱ्या भागात. टकरीनंतर सापेक्ष वेग ई पट होतो, त्याचा वर्ग ई² पट. म्हणून:

गेलेली ऊर्जा = अर्धा × घ × (१ − ई²) × (उ१ − उ२)²

०.८ घालून पाहा: अर्धा × ०.००३७५ × ०.३६ × ४ = ०.००२७. बरोबर.

हे सूत्र मला फार आवडतं, कारण यातून मूळ सिद्धता एका ओळीत परत मिळते. ऊर्जा गेली नाही, तर (१ − ई²) शून्य. म्हणजे ई = १ किंवा ई = −१. आणि −१ म्हणजे? जवळ येण्याचा वेग तसाच चालू, दूर जाणं उलट्या क्रमानं: वस्तू न भेटताच पुढे निघून गेली. तिसऱ्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न इथे पुन्हा येऊन उभा राहतो.

याच सूत्रानं एक जुना गैरसमजही जातो. ई = ० म्हणजे सगळी ऊर्जा संपली असं मुलं लिहितात. ई = ० म्हणजे वस्तू चिकटून एकत्र निघाल्या. कॅरमच्या उदाहरणात तेव्हा ०.००७५ ज्यूल जाते, म्हणजे फक्त पाव. पाऊण शिल्लक राहते, कारण पहिल्या भागाला कुणी हात लावू शकत नाही.

या नियमांमागे प्रयोगही आहेत. वॉलिस, रेन आणि हॉयगेन्स या तिघा शास्त्रज्ञांनी १६६८-६९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला टकरीचे नियम कळवले. न्यूटननं १६८७ च्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात त्यांचा उल्लेख करून स्वतःचे प्रयोग दिले: दहा फुटी दोऱ्यांना टांगलेले गोळे एकमेकांवर सोडून, हवेच्या विरोधाची दुरुस्ती करून. घट्ट गुंडाळलेल्या लोकरीच्या गोळ्यांसाठी त्याला दूर जाण्याचा आणि जवळ येण्याचा वेग साधारण ५ ला ९ या प्रमाणात मिळाला, म्हणजे ई सुमारे ०.५६. काचेसाठी १५ ला १६, सुमारे ०.९४.

घरी मोजा: टेबल टेनिसचा चेंडू आणि फोन

जमीन स्थिर आणि प्रचंड, म्हणून ई = (वर जाण्याचा वेग) ÷ (आदळण्याचा वेग). ह१ उंचीवरून पडलेल्या चेंडूचा वेग √(२गह१), आणि ह२ पर्यंत उसळणाऱ्याचा √(२गह२). इथे ग म्हणजे गुरुत्वीय त्वरण. म्हणून:

ई = √(ह२ ÷ ह१)

वर्गमूळ विसरणं ही इथली सर्वांत मोठी चूक. उंचीचं गुणोत्तर म्हणजे ऊर्जेचं गुणोत्तर, ते ई² असतं. आंतरराष्ट्रीय टेबल टेनिसच्या नियमांत ३०.५ सेंमी उंचीवरून पोलादी ठोकळ्यावर सोडलेला चेंडू २४ ते २६ सेंमी उसळला पाहिजे असं आहे. त्यावरून ई ०.८९ ते ०.९२. नेहमीच्या टेनिस चेंडूला २५४ सेंमीवरून काँक्रीटवर १३५ ते १४७ सेंमी उसळावं लागतं, म्हणजे ई ०.७३ ते ०.७६.

पण घरी पट्टी लावून उंची मोजणं त्रासाचं. चेंडू वर थांबतो तो क्षण डोळ्याला पकडता येत नाही. त्याऐवजी कान वापरा. चेंडूच्या फरशीवरच्या दोन टप्प्यांमधला वेळ = २ × वर जाण्याचा वेग ÷ ग. म्हणजे लागोपाठच्या दोन वेळांचं गुणोत्तर म्हणजे थेट ई. उंची नको, ग नको, वर्गमूळही नको.

पंखा बंद करा. फरशी टिचकी मारून तपासा. खालून पोकळ वाजणारी फरशी स्वतः थरथरते आणि चेंडूची ऊर्जा खाते, म्हणून भरीव वाजणारी निवडा. फोन फरशीवर, चेंडू पडेल तिथून वीतभर अंतरावर ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा. चेंडू ३०-४० सेंमीवरून सोडा, ढकलू नका, बोटं नुसती उघडा. जास्त उंचीवरून सोडू नका, कारण चेंडू जेमतेम २.७ ग्रॅमचा असतो, आणि वेग वाढला की हवेचा विरोध हिशेब बिघडवतो.

टक… टक… टक.. टक. टकटकटक. शेवटी शेवटी आवाज एकमेकांत मिसळतात, ते सोडून द्या. रेकॉर्डिंग संगणकावर ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडलं की प्रत्येक टप्पा एका उभ्या काट्यासारखा दिसतो. दोन काट्यांमधलं अंतर मोजायचं. समजा पहिलं अंतर ०.५०० सेकंद, दुसरं ०.४५०, तिसरं ०.४०५ मिळालं, तर ई = ०.९. दोनच अंतरांवर थांबू नका: सहावं अंतर भागिले पहिलं म्हणजे ई चा पाचवा घात. त्याचं पाचवं मूळ काढलं की मोजणीतली चूक पुष्कळ कमी होते.

मग तोच चेंडू लाकडी पाटावर, चटईवर, घडी केलेल्या चादरीवर टाका. आकडा दर वेळी बदलेल. म्हणून "चेंडूचा ई" असं म्हणणं अपुरं. ई नेहमी जोडीचा असतो, चेंडू आणि फरशीचा मिळून. शिवाय तो वेगावरही थोडा अवलंबून असतो. जोरात आदळलं की बहुतेक पदार्थ जास्त चेपतात आणि ई घटतो.

कट मारताना

टक्कर थेट नसेल तर ई फक्त दोन्ही केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवरच्या वेगांना लावायचा. त्या रेषेला काटकोनात असलेला वेग, पृष्ठभाग गुळगुळीत असतील तर, बदलत नाही. सारख्या वस्तुमानाच्या सोंगट्या, एक स्थिर, ई = १: मारणारीचा रेषेवरचा सगळा वेग दुसरीला जातो, तिच्याकडे उरतो फक्त काटकोनातला. म्हणून कट लागल्यावर दोन सोंगट्या काटकोनात फुटतात. ई १ हून कमी असला की मारणारीकडे रेषेवरचा थोडा वेग शिल्लक राहतो आणि कोन ९० अंशांहून थोडा कमी होतो.

याच सूत्रानं न्यूट्रॉन तोलला

१९३२ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविकपुढे एक अदृश्य, विद्युतभार नसलेला कण होता. बेरिलियममधून येणारे हे कण पॅराफिनवर (एक प्रकारचं मेण) पडले की हायड्रोजनची केंद्रकं, म्हणजे प्रोटॉन, उडत. नायट्रोजनवर पडले की नायट्रोजनची केंद्रकं उडत. कणाचा वेग ठाऊक नाही, वस्तुमान ठाऊक नाही. फक्त उडालेल्यांचे जास्तीत जास्त वेग माहीत: प्रोटॉनचा सुमारे ३.३ कोटी मीटर प्रति सेकंद, नायट्रोजनचा सुमारे ४७ लाख.

जास्तीत जास्त वेग म्हणजे थेट टक्कर, आणि टक्कर स्थितिस्थापक, ई = १. लक्ष्य स्थिर, म्हणून व२ = २मउ ÷ (म + म२). दोन्ही प्रसंगांत म आणि उ तेच. प्रोटॉनचं वस्तुमान १ आणि नायट्रोजनचं १४ धरू. एकाला दुसऱ्यानं भागलं की अज्ञात उ निघून जातो:

३.३ कोटी ÷ ४७ लाख = (म + १४) ÷ (म + १)

डावी बाजू ७.०२. म्हणजे म + १४ = ७.०२म + ७.०२, आणि म = १.१६. कण जवळजवळ प्रोटॉनएवढ्या वस्तुमानाचा! हाच न्यूट्रॉन. चॅडविकनं १.१५ हा आकडा दिला, आजचा अचूक आकडा १.००८७ आहे. या शोधासाठी त्याला १९३५ चं नोबेल मिळालं. वर्गात मी हा हिशेब शेवटी ठेवते आणि मुलांना स्वतः करायला लावते, कारण कॅरमच्या बोर्डावरची ओळ अणूच्या पोटात जशीच्या तशी चालते, हे स्वतःच्या हातानं पाहिलेलं वेगळंच असतं.

मग त्यांना पुढचं गणित देते. अणुभट्टीत वेगवान न्यूट्रॉन हळू करायचा आहे, त्याला कशावर आदळवाल? थेट स्थितिस्थापक टकरीनंतर त्याच्याकडे उरणारा ऊर्जेचा हिस्सा [(म२ − म१) ÷ (म२ + म१)]² असतो. युरेनियम २३८ वर आदळला तर (२३७/२३९)², म्हणजे ९८ टक्क्यांहून जास्त त्याच्याकडेच राहते. कार्बनवर (११/१३)², सुमारे ७२ टक्के. आणि प्रोटॉनवर जवळजवळ शून्य: सोंगटीनं सोंगटीला मारावं तसा न्यूट्रॉन जागीच थांबतो. एवढे प्रोटॉन स्वस्तात कुठे मिळतील? साध्या पाण्यात. ४ ऑगस्ट १९५६ ला मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बे) सुरू झालेल्या 'अप्सरा' या भारताच्या पहिल्या अणुभट्टीत इंधन साध्या पाण्याच्या तलावात बुडवलेलं होतं, आणि तिच्यातले न्यूट्रॉन त्या पाण्यातल्या हायड्रोजनवर आदळूनच हळू होत.